समुद्राचें शेत : आचऱ्याच्या किनाऱ्यावरील दोन दिवस

शेतकऱ्यानें समुद्रावर जाऊन काय करावें, असा प्रश्न आमचे कित्येक वाचक करतील. आमचें पोट जमिनीवर, आमची नजर ढगांवर. खाऱ्या पाण्याशीं आमचा संबंध तो काय? पिकाच्या धांदलींतून सवड मिळालीच तर पंढरपूर आहे, जोतिबा आहे, लेकीचें सासर आहे. हें सर्व खरें. तथापि जमिनीचे कागद हाताळण्यांत ज्यांची सारी नोकरी गेली, अशा आम्हांस वाटतें कीं, ज्या शेताला बांध नाहीं, गट नंबर नाहीं आणि सातबाराही नाहीं, तें शेत प्रत्येक जमीनवाल्यानें एकदां तरी डोळ्यांनीं पाहावें. समुद्र हें असें शेत आहे. तेथें पेरणी कोणी करीत नाहीं, कापणी मात्र सर्व करतात; आणि पेरल्यावांचून कापणी किती दिवस चालेल, हा प्रश्न तेथें जितका उघडा दिसतो तितका आपल्या बांधावर दिसत नाहीं.

गेल्या आश्विनांत, दसरा होऊन गेल्यावर व भाताची कापणी अंगावर येण्यापूर्वीं जी थोडी उसंत मिळते, तींत आम्ही चौघे मित्र शनिवार-रविवार साधून मालवण तालुक्यांतील आचरें या गांवीं गेलों. एक मित्र उंसाचे बागायतदार, दुसऱ्यांची भातशेती असून शिवाय कोंबड्यांची शेड आहे, तिसरे निवृत्त शिक्षक व हल्लीं आंब्याची बाग राखणारे, आणि चौथे आम्ही. कोल्हापूर पहांटे सोडलें. राधानगरी, दाजीपूर करून फोंडाघाट उतरलों व कणकवलीवरून दहाच्या सुमारास आचऱ्यास पोंचलों. अंतर सुमारें दीडशें किलोमीटर. घाट उतरतांच काळी माती संपून जांभा दगड लागतो आणि डोंगराच्या बेचक्यांतून भाताचीं पिवळीं खाचरें दिसूं लागतात. त्या वाटेचें वर्णन यापूर्वीं पुष्कळांनीं केलें आहे, सबब त्यांत आम्ही वाचकांचा वेळ घेत नाहीं.

मुक्कामाची जागा

आचऱ्यास आमच्या शिक्षक-मित्रांच्या ओळखीचे एक बागायतदार आहेत. खाडी समुद्रास मिळते तेथून जवळच त्यांची वाडी आहे. त्यांची परवानगी घेऊन आम्हीं वाडीच्या कडेला दोन ताडपत्र्या ताणल्या. वाडी म्हणजे माडांची राई. परक्या माणसास माडाखालची सांवली मोठी गोड वाटते. परंतु माडाखालीं बिछाना कधींही घालूं नये. नारळ केव्हां पडेल याचा नेम नाहीं, आणि तो तीस-चाळीस फुटांवरून डोक्यावर आला तर दुसरा औषधोपचार करावा लागत नाहीं. दुसरी गोष्ट, वाळूवर मुक्काम करावयाचा तर आधीं सुकलेल्या शेवाळाची व काटक्यांची रेघ पाहावी. भरतीचें पाणी जेथवर पोंचतें तेथें समुद्र आपली हद्द स्वतःच आंखून ठेवतो. त्या रेघेच्या बऱ्याच वर बिछाना घालावा. ही मोजणी कोणाही मोजणीदाराच्या मोजणीपेक्षां बिनचूक असते.

तंबू ठोकून राहण्याचें आपल्याकडे नवल वाटतें, पण आचऱ्याच्या माणसास त्याचें कांहींच नवल नाहीं. दर कांहीं वर्षांनीं ग्रामदैवत श्री रामेश्वराचा कौल घेऊन हा सारा गांव गुरें-ढोरें, कोंबडी-कुत्र्यांसह शिवेबाहेर निघतो आणि तीन दिवस झोंपड्या घालून राहतो. त्यास गांवपळण म्हणतात. घर, पैका, मालकी सर्व मागें टाकून श्रीमंत-गरीब एकाच माळावर निजतात. आमच्या यजमानांनीं रात्रीं चुलीपाशीं बसून ही हकीकत सांगितली, तेव्हां आमचे उंसवाले मित्र म्हणाले, “आमच्या गांवानें असें एकदां करावें, निम्मे बांधाचे दावे तिथंच मिटतील.”

भरतीचा हिशेब

समुद्रावर जाणारानें पहिली गोष्ट शिकावयाची ती भरती-ओहोटीची. आपण पाटाच्या पाण्याची पाळी जशी ध्यानांत ठेवतों तशीच ही. हल्लीं भरतीचें वेळापत्रक छापील मिळतें व तें जवळ बाळगावेंच. परंतु कोंकणांतील जुना ठोकताळा इतका सोपा आहे कीं, पंचांग पाहणाऱ्या शेतकऱ्यास तो तत्काळ वश होईल. तिथीच्या आंकड्यास पाऊणानें गुणावें. येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती, व त्यानंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. आम्ही पोंचलों त्या दिवशीं वद्य षष्ठी होती. सहा पाऊणे साडेचार. म्हणून दुपारीं साडेचारला भरती व सकाळीं साडेदहाला ओहोटी. स्थळपरत्वें अर्धा-पाऊण तास मागें-पुढें होतो. याचें कारण उघड आहे. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरानें माथ्यावर येतो, आणि पाणी चंद्राच्या मागून चालतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढतें व फार उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या आसपास त्याचा जोर मोडतो, तो भांग. नवख्यानें उधाणाच्या दिवसांत खाडीच्या मुखाशीं होडी घालूं नये.

दुपारीं दोन वाजतां, पाणी चढूं लागल्यावर, एका वृद्ध गाबीत गृहस्थांनीं आम्हांस आपल्या होडींत घेतलें. होडीस इंजिन नव्हतें. तिच्या एका बाजूस आडव्या दांड्यांनीं लाकडाचा एक ओंडका जोडलेला होता. त्यास उलांडी म्हणतात. ओंडका पाण्यावर टेकून राहतो व अरुंद होडी कलंडत नाहीं. हाच होडीचा आधार. चौघांनींही तरंगणारीं जॅकेटें अंगांत घातलीं. तीं घातल्यावांचून होडींत पाय ठेवूं नये, मग पोहतां येत असो वा नसो.

मासे गळानें धरण्यास तेथें गरवणें म्हणतात. नायलॉनच्या दोरीस गरी, गरीच्या वीतभर वर शिशाचा तुकडा, आणि गरीला सोललेली कोळंबी. दोरी तळाशीं टेकेपर्यंत सोडावी, मग हातभर वर ओढून ती तर्जनीवर ठेवावी. काठी नको, यंत्र नको. मासा प्रथम ठोकरतो, तेव्हां स्वस्थ बसावें. दुसऱ्यांदा ओढतो, तेव्हां हिसका द्यावा. आमच्या उंसवाल्या मित्रांस पहिल्या ठोकरीसरशीं हिसका देण्याची घाई, त्यामुळें तासभर ते कोळंबीच खाऊं घालीत राहिले. कोंबडीवाले मित्र मुळांत मितभाषी. त्यांनीं तीन तांबोशी व एक गोबरा काढला. शिक्षकांस शनिवारचा वार असल्यामुळें त्यांनीं गरीला हातही लावला नाहीं, पण कोणता मासा कशास म्हणतात तें सर्व वहींत टिपून घेतलें. एक तांबोशी बोटाएवढी होती. म्हाताऱ्यांनीं ती ओल्या हातानें गरीवरून सोडविली व पाण्यांत टाकली. कोरड्या हातानें धरलें तर माशाच्या अंगावरील बुळबुळीत साय निघते व तो पुढें जगत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. रोप उपटतांना मुळाची माती सांभाळणाऱ्या माणसास हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं.

रात्रीं यजमानांच्या घरून तिरफळ घातलेलें कालवण आलें, शिक्षकांसाठीं घरच्या भाकरीबरोबर चुलीवर पिठलें झालें, आणि दहानंतर चंद्र वर आला तेव्हां सर्व निजले होते.

रापण

रविवारीं पहांटे भरती पुरी होऊन पाणी उतरूं लागलें, तेव्हां किनाऱ्यावर रापण लागली. ज्यांनीं ती पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं थोडें विस्तारानें लिहितों. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचें मोठें जाळें. त्याचा एक दोर किनाऱ्यावर माणसांच्या हातीं ठेवतात. बाकीचें जाळें होडींत घालून समुद्रांत नेतात व अर्धवर्तुळ टाकीत दुसरा दोर दूर अंतरावर पुन्हां किनाऱ्यास आणतात. वरच्या कडेस तरंगणाऱ्या गोट्या, खालच्या कडेस वजनें, त्यामुळें पाण्यांत जाळ्याची भिंत उभी राहते. मग दोन्हीं टोकांस वीस-पंचवीस माणसें लागून ओढूं लागतात व ओढतां ओढतां एकमेकांच्या जवळ येतात. शेवटीं मधल्या पोत्यासारख्या भागांत मासळी गोळा होते. हें काम एकट्याचें नव्हे, एका घराचेंही नव्हे. विक्रींतून खर्च वजा जातो, जाळ्याचा व होडीचा वाटा निघतो, आणि उरलेल्या रकमेचे ओढणारांत वाटे होतात. वाटेंत कोणी वाटसरू दोरास हात लावून गेला तर त्याच्या हातीं कालवणापुरते मासे पडतात. आमच्याकडे पूर्वीं सुगींत खळ्यावर बलुत्यांस धान्य मिळे, त्याचीच ही आठवण.

आम्हीही दोरास लागलों. जवळजवळ दोन तास गेले. उंसाच्या मोळ्या उचलणाऱ्या मित्रांचेही तळहात लाल झाले. अखेर जाळें वाळूवर आलें तेव्हां त्यांत बांगडे, सौंदाळे, थोडी कोळंबी, तारल्यांचा एक ढीग आणि पांच-सहा शिंगाळे निघाले. सर्व मिळून सात टोपल्या. चाळीसांवर माणसें आणि टोपल्या सात. कोणी कुरकुर केली नाहीं. पण जाळ्याभोंवतीं जी शांतता पसरली, ती आम्हीं दुष्काळी सालांत पीकपाहणीस गेलों असतां शेताच्या बांधावर पुष्कळ वेळां ऐकली आहे.

तांडेल म्हणजे रापणीचे म्होरके. सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांनीं शिंगाळ्यांतील एक मासा कांटे चुकवून उचलला व त्याचें तोंड आम्हांस उघडून दाखविलें. आंत पिवळसर रंगाचीं, बोराएवढालीं अंडीं भरलेलीं होतीं. ते म्हणाले, “ह्यो बापूस असा. पोरां तोंडात घेवन उपाशी फिरता.” आणि गुडघाभर पाण्यांत जाऊन त्यांनीं तो मासा सोडून दिला. या जातींत मादीनें घातलेलीं अंडीं नर तोंडांत धरतो आणि पिल्लें बाहेर पडून पोहूं लागेपर्यंत कित्येक आठवडे कांहींही खात नाहीं. शास्त्रज्ञांनीं हें नमूद केलें आहे, व हेंही नमूद केलें आहे कीं, गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनीं असे अंडीं धरलेले शिंगाळे थव्यांनीं उपसले गेले व पुढें त्या मासळीचें पीकच बसलें. पर्ससीन जाळें मासळीच्या थव्यास चहूंबाजूंनीं वेढतें व थैलीच्या नाडीप्रमाणें तळाकडून आंवळलें जातें. मग सुटका नाहीं. रापण किनाऱ्यास बांधलेली आहे, ती पुढें जाऊं शकत नाहीं. पर्ससीन मासळीच्या मागें जातें. भेद इतकाच, पण तो विळ्यांत आणि वणव्यांत असतो तितका आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों ती सांगतों. टोपल्या भरून झाल्यावर करंगळीएवढ्या मासळीची एक रास बाजूला पडली होती. तींत बांगड्यांचीं पिल्लें होतीं, तारल्या होत्या. आमच्या कोंबडीवाल्या मित्रांनीं विचारलें कीं, ही एवढीशी मासळी कोण खातो? तांडेल हंसले. म्हणाले, “ही थोडी असा. मोठ्या बोटींत ढीगान येता. ह्याचाच पीठ जाता तुमच्या कोंबड्यांच्या खाण्यात.” मित्र कांहीं बोलले नाहींत. पुष्कळ वेळ ते त्या राशीकडे पाहात उभे होते.

ही गोष्ट खरी आहे. माणसाच्या ताटांत न येणारी लहान मासळी सुकवून, दळून तिचें कूट होतें, आणि तें कोंबड्यांच्या व तळ्यांतील माशां-कोळंब्यांच्या खाद्यांत जातें. मासळीचें खत तर आपल्या वडिलांच्या वेळेपासून माहीत आहे. त्यांत शेंकडा ४ ते १० भाग नत्र व ३ ते ९ भाग स्फुरद असतें, म्हणून माडास व आंब्यास तें मानवतें. माशाचें डोकें, कांटे, आंतडीं यांचें कूट वा खत करणें ही काटकसर आहे. पण जीं पिल्लें वर्ष-सहा महिन्यांत मोठीं होऊन अंडीं घालतीं, त्यांचें पीठ करणें म्हणजे कणगींतलें बियाणें दळून गुरांस घालणें आहे. समुद्राच्या या नासधुशींत आम्ही देशावरचे शेतकरी नाहीं, असें आपण म्हणत होतों. खाद्याच्या पोत्यावाटें आपण त्यांत आहों.

सातबारा नाहीं, पण कायदा आहे

समुद्र कोणाच्याच नांवावर नसला तरी तो वाऱ्यावर सोडलेला नाहीं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारें २२ किलोमीटर, पाण्यांतील मासेमारीवर राज्याचा अंमल चालतो. त्यासाठीं १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. २०२१ मध्यें त्यांत दुरुस्ती होऊन दंड वाढले. गेलीं कित्येक वर्षें १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांस मासेमारी बंद ठेवण्याचा शिरस्ता आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. प्रखर विजेच्या दिव्यांनीं मासळी भुलवून धरण्यास केंद्र सरकारनें २०१७ मध्यें मनाई केली. २०२३ मध्यें राज्यानें ५४ जातींच्या मासळीसाठीं किमान लांबी ठरविली. पापलेट १३५ मिलिमीटरांहून लहान धरूं नये, असा त्यांत नियम आहे. त्याच वर्षीं पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला.

पावसाळ्यांतील बंदीचें कारण केवळ वादळ नव्हे. त्या दिवसांत पुष्कळ मासळी अंडीं घालते. शिवाय नैर्ऋत्येकडील मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत पश्चिम किनाऱ्याशीं, विशेषतः दक्षिणेकडे, खालचें थंड पाणी वर येतें व त्याबरोबर तळचें खतपाणी उजेडांत येतें. नद्या गाळ आणून ओततात. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांवर पिल्लें पोसतात. आपण जमीन नांगरून खालची माती वर करतों, तेंच काम तेथें वारा करतो. म्हणजे आपल्या शेतांत पेरणी चालते त्याच दोन महिन्यांत समुद्रांतही पेरणी चालते. पेरलेल्या शेतांत गुरें सोडणाऱ्यास आपण काय म्हणतों, तें येथें लिहीत नाहीं.

परंतु कायदा कागदावर असणें निराळें व शिवारांत असणें निराळें, हें आमच्याइतकें कोणास ठाऊक? जमिनीवर अतिक्रमण झालें तर बांध साक्ष देतो, शेजारी साक्ष देतो. पाण्यावरच्या खुणा घटकेंत पुसल्या जातात, आणि सातशें किलोमीटरांहून लांब किनाऱ्यावर पहारा ठेवावयास माणसें व नावा किती लागतील याचा हिशेब सोपा नाहीं. नापिकीच्या सालीं आपल्या शेताची पैसेवारी निघते, महसुलांत सूट मिळते. समुद्र नापीक झाला तर त्याची पैसेवारी कोणी काढावी? म्हणून एप्रिल २०२५ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. वीज, कर्ज व विमा यांत शेतकऱ्याच्या सवलती मच्छीमारास मिळाव्यात, हा त्याचा हेतु आहे. सवलतीबरोबर नातेंही आलें. कागदोपत्रीं ते आतां आपले भाऊबंद आहेत. भावाच्या शेताचें बियाणें आपल्या गोठ्यांत येतें कीं काय, हें पाहणें आपल्याकडे आलें.

जाणारांसाठीं चार शब्द

ज्या सभासदांस असा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं दसरा ते माघ हे दिवस धरावे. ताडपत्री, घोंगडी, विजेरी, पिण्याचें पाणी व जाड तळव्याचीं पायतणें बरोबर असावींत. उथळ पाण्यांत पाय घासत चालावें. वाळूंत पाकट दडलेलें असतें व पाय पडला तर शेपटीचा कांटा मारतें. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा कांटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यांत तो भाग बुडवून ठेवावा, म्हणजे वेदना उतरते. आणि डॉक्टर गांठावा. मालवणजवळचा समुद्राचा कांहीं भाग १९८७ पासून अभयारण्य आहे; तेथें गरी टाकण्यापूर्वीं चौकशी करावी. तुटलेली नायलॉनची दोरी किनाऱ्यावर टाकूं नये, ती पांखरांच्या पायांस फांस होते. आणि स्थानिक मच्छीमारास सोबत घेतल्यावांचून पाण्यांत जाऊं नये; त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी.

शेवटीं एकच विनंती. बाजारांत वीतभरही नसलेलें पापलेट स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. कोंबडी-खाद्य घेतांना त्यांत मासळीचें कूट आहे काय व तें कशापासून केलें आहे, हें दुकानदारास विचारावें. आमच्या कोंबडीवाल्या मित्रांनीं परत आल्यावर पुढच्याच आठवड्यांत तें विचारलें. दुकानदारास उत्तर देतां आलें नाहीं. परंतु असा प्रश्न आजवर कोणीं केला नव्हता, इतकें त्यानें कबूल केलें. दहा गांवच्या दहा जणांनीं तोच प्रश्न केला तर तो वर कंपनीपर्यंत जाईल. दुष्काळांत उपाशी निजले पण बियाण्याच्या कणगीस हात लावला नाहीं, अशा वाडवडिलांच्या गोष्टी आपल्या प्रत्येकाच्या घरीं सांगतात. त्या घरांतील माणसांस याहून अधिक सांगण्याची गरज आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.